उपऱ्याला उपऱ्याचा टेकू: समुद्रातल्या परक्या प्रजाती एकमेकींना पाय रोवायला कशा मदत करतात

खाजणकाठ

परकी प्रजाती म्हटलं की डोळ्यांपुढे एकटा दरोडेखोर येतो. खेकडा आला, स्थानिकांना खाऊन मोकळा झाला. हा धागा त्याहून वेगळ्या प्रकाराबद्दल आहे. एक उपरा आधीच येऊन कोपऱ्यात गप्प बसलेला असतो आणि कितीतरी वर्षांनी दुसरा उपरा येऊन त्याची वाट मोकळी करतो. डॅनियल सिम्बर्लॉफ आणि बेट्सी व्हॉन हॉले या परिसंस्था-अभ्यासकांनी १९९९ मध्ये याला 'इन्व्हेजनल मेल्टडाउन' म्हटलं, म्हणजे उपऱ्यांनी एकमेकांचं आक्रमण सोपं करत नेणं. नाव भडक आहे, त्यावर खाली वाद होईलच.

समुद्रातलं मला सगळ्यात पटणारं उदाहरण कॅलिफोर्नियातल्या बोडेगा हार्बरचं. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला ही उथळ खाडी आहे, तळ चिखलमिश्रित वाळूचा. तिथे जेम्मा जेम्मा नावाची मुगाच्या डाळीएवढी तिसरी, म्हणजे छोटा दुपाखी शिंपला, आहे. ती मूळची अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरची, कालवांच्या व्यापारातून पश्चिमेला पोचलेली. बोडेगात ती कित्येक दशकं होती, पण तुरळक. वाळूत राज्य होतं न्यूट्रिकोला या स्थानिक तिसऱ्यांच्या दोन जातींचं.

१९९३ मध्ये तिथे युरोपीय हिरवा खेकडा, कार्सिनस मीनास, आला. पुढच्या तीनच वर्षांत न्यूट्रिकोला ५ ते १० पटींनी घटल्या. या खाडीच्या नोंदी खेकडा येण्याच्या आधीपासून ठेवलेल्या होत्या, म्हणून हे आकड्यात सांगता येतं. मग जेम्मा पसरायला लागली. एडविन ग्रोशोल्झ यांनी २००५ मध्ये ही साखळी प्रयोगांसह मांडली.

खेकड्याने जेम्माला थेट काहीच दिलं नाही. न्यूट्रिकोला बारीकच, पण जेम्मापेक्षा मोठी. एक शिंपला फोडायला जेवढे कष्ट, तेवढ्यात जास्त मांस मिळतं ते मोठ्यात. खेकडा मोठ्या निवडून खातो आणि डाळीएवढ्या सोडून देतो. त्यात न्यूट्रिकोलाची पिल्लं आईच्या शिंपल्यातच वाढतात, पाण्यावर वाहत जाणारी अळी नसते. त्यामुळे इथल्या माद्या संपल्या की शेजारच्या खाडीतून भरपाई होत नाही. जागा मोकळी, शेजारीण दुबळी, आणि जेम्मा तयार.

---

शंकेखोर

मांडणी चांगली आहे, पण 'मदत' हा शब्द खटकतो. खेकड्याने तिसऱ्या पक्षाला मारलं आणि फायदा आपोआप जेम्माला गेला. ही अप्रत्यक्ष सोय झाली. मेल्टडाउन म्हणायचं तर दोन्ही बाजूंनी मदत हवी, आणि तिच्यामुळे पुढच्या आक्रमणांचा वेग वाढलेला दिसायला हवा. सिम्बर्लॉफ यांनीच २००६ च्या आढाव्यात कबूल केलं आहे की दोन प्रजातींपुरत्या मदतीची उदाहरणं ढिगाने आहेत, अख्ख्या समाजाच्या पातळीवर वेग वाढल्याचा पुरावा मात्र फारच कमी.

---

खाजणकाठ

मान्य. म्हणूनच शीर्षकात 'टेकू' लिहिलंय, 'टोळी' नाही.

वेगाबद्दल लोक सॅन फ्रान्सिस्को उपसागराचा दाखला देतात. अँड्र्यू कोहेन आणि जेम्स कार्लटन यांनी १९९८ मध्ये तिथे २३४ परक्या प्रजाती मोजल्या. १८५१ ते १९६० या काळात सरासरी ५५ आठवड्यांना एक नवी, १९६१ ते १९९५ मध्ये १४ आठवड्यांना एक. पण त्याच काळात जहाजांची ये-जाही वाढली आणि शोधणाऱ्यांचे डोळेही. नुसत्या चढत्या रेषेवरून टेकू सिद्ध होत नाही, इतपत मी तुमच्या बाजूने आहे.

---

गोदीकंदील

थेट टेकू हवा असेल तर जहाजाच्या तळाशी या.

तळाला तांबंयुक्त अँटीफाउलिंग रंग, म्हणजे जीव चिकटू न देणारा रंग, असतो. तांबं झिरपत राहतं आणि बहुतेक जीवांच्या अळ्या तिथे बसल्या तरी मरतात. वॉटरसिपोरा नावाचा ब्रायोझोआ (चिकटून वसाहत करणारा बारीक समुद्री जीव) मात्र तांबं सोसतो. नारिंगी-काळसर, पापुद्र्यासारखी पसरणारी वसाहत. ती रंगावर चढली की तिची पाठ इतरांसाठी बिनविषारी फरशी ठरते. ज्यांना रंगावर जगणं शक्य नव्हतं ते नळीकिडे, हायड्रॉइड, इतर ब्रायोझोआ तिच्यावर बसून प्रवास करतात. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या बोटींवर ऑलिव्हर फ्लोर्ल आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये नेमकं हेच दाखवलं. रंग शाबूत असूनही बोट उपरे वाहून नेते.

पाहणी करताना सपाट तळावर वेळ घालवू नका, कोनाडे बघा. सी-चेस्टच्या (समुद्राचं पाणी आत घेणाऱ्या कप्प्याच्या) जाळ्या, सुकाणूच्या बिजागऱ्या, पंख्याचा दांडा, बो-थ्रस्टरचा (नाळेकडच्या आडव्या पंख्याचा) बोगदा, बिल्ज कीलच्या (डोलणं कमी करणाऱ्या तळपट्टीच्या) कडा. आणि सगळ्यात दुर्लक्षित जागा म्हणजे सुक्या गोदीत बोट ज्या ठोकळ्यांवर टेकली होती ते चौकोन. तिथे रंग पोचतच नाही. पुढच्या खेपेला ठोकळे सरकवून बोट ठेवली नाही तर तेच चौकोन वर्षानुवर्षं उघडे राहतात.

---

शिनाणेवाली

गोदीकंदील, मग पाणबुड्याकडून पाण्यातच खरवडून घेतलं तर? सुक्या गोदीचा खर्च छोट्या बोटीवाल्याला झेपत नाही.

---

गोदीकंदील

नुसतं खरवडणं म्हणजे रोपवाटिका काढणं. वॉटरसिपोरा किंवा डिडेम्नम व्हेक्सिलम या समुद्रपिचकारीसारखे वसाहतीने राहणारे जीव तुकड्यातून पुन्हा वाढू शकतात. ब्रशने उडालेला प्रत्येक तुकडा तळाशी किंवा शेजारच्या खांबावर जाऊन पडतो. शिवाय ताण बसला की अनेक जीव अंडी, शुक्राणू, अळ्या एकदम सोडतात. त्यातून कडक ब्रशने रंगाचा थरही निघतो. एकाच वेळी बंदरात तांबं सांडलं आणि बोटीवर रंग उडालेले पट्टे तयार झाले.

पाण्यात करायचंच तर शोषून घेणारं यंत्र हवं, निघालेला माल गाळून जमिनीवर आणायला हवा, आणि फक्त चिकट थर असेल तेव्हाच मऊ ब्रश. शिंपले-बार्नॅकल बसले असतील तर बोट वरच काढा. न्यूझीलंडने मे २०१८ पासून येणाऱ्या बोटींचे तळ स्वच्छ असण्याची सक्ती केली ती याच हिशेबाने: आक्रमण बंदरात लढण्यापेक्षा बोटीवर अडवलेलं स्वस्त.

आणि तांब्याचा दुसरा परिणाम बंदराच्या भिंतीवर होतो. सिडनीजवळच्या पिओला आणि जॉन्स्टन यांच्या प्रयोगात तांब्याच्या सान्निध्यात स्थानिक जीवांचं वैविध्य घटलं आणि परक्यांचं वर्चस्व वाढलं. म्हणजे रंग फक्त बोटीवर गाळणी लावत नाही, बंदरालाही लावतो.

---

ओहोटी_सव्वासहा

थेट टेकूचं आणखी एक उदाहरण, पाहायला अगदी सोपं. वॉशिंग्टन राज्यातला पडिला उपसागर. जपानी कालवांबरोबर बॅटिलारिया ही गोगलगाय आली आणि चिखलात माजली. चिखलात कठीण पृष्ठभागाचा दुष्काळ, त्यामुळे तिची पाठ हीच खडकाची जागा. तिच्यावर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरची क्रेपिड्युला कॉन्व्हेक्सा ही चपटी गोगलगाय बसते आणि आशियातलं डायाड्युमिनी लिनियाटा हे समुद्रफूलही. बॅटिलारिया मेली तरी शंख कामी येतो, शंखखेकडे तो घालून फिरतात आणि भाडेकरूंना घर कायम राहतं. मार्जोरी वॉनहॅम आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये हे मोजलं.

दोन महासागरांतले जीव एका शंखावर! कालवांच्या टोपल्या कुठे कुठे फिरल्या त्याचा हा नकाशाच.

जर्मनीच्या सिल्ट बेटापाशीही तीच गोष्ट. १९८६ मध्ये पॅसिफिक कालवांची शेती सुरू झाली, १९९१ मध्ये ती शेताबाहेर सापडली. चिखलावर त्यांचे कठीण बांध झाले, आणि जपानी सरगॅसम शेवाळाला पाय टेकायला जागा मिळाली.

---

शंकेखोर

ही उदाहरणं आवडली, पण मोजतात कसं ते कुणीतरी लिहा. 'दोघं एकत्र सापडले' एवढ्यावर मदत ठरत नाही. दोघांनाही गढूळ, खारटपणा बदलणारं बंदर मानवत असेल तरी ते एकत्रच सापडणार.

---

खाजणकाठ

क आणि ख हे दोन उपरे धरले तर चार गट लावावे लागतात: दोघंही नाहीत, फक्त क, फक्त ख, दोघं. आणि मोजायचं ते वाढीचा दर, जगण्याचं प्रमाण, पिल्लांची संख्या. नुसती हजेरी नव्हे.

इथे एक खड्डा आहे, त्यात बरेच जण पडतात. समजा जीव बसावेत म्हणून पाण्यात टांगलेल्या एखाद्या चकतीवर तिसऱ्या कुठल्यातरी जीवाची संख्या अशी आली: काहीच नसताना १०, क असताना २०, ख असताना ३०, दोघं असताना ६०. बेरजेच्या हिशेबाने अपेक्षा २० + ३० − १० = ४०, म्हणजे ६० हा एकत्रित जादा परिणाम वाटतो. गुणाकाराच्या हिशेबाने क दुप्पट करतो, ख तिप्पट करतो, १० × २ × ३ = ६०. जादा काहीच नाही. प्रजनन गुणाकारानेच चालतं, त्यामुळे संख्या असतील तर त्यांचे लॉगॅरिदम घेऊन तपासा. बेरजेवर तपासून 'मेल्टडाउन सापडलं' असं जाहीर करणं सोपं असतं.

खेकड्याचा परिणाम तपासायला त्याला बाहेर ठेवणारे पिंजरे लागतात. पूर्ण जाळीचा पिंजरा, उघडी जागा, आणि तिसरा अर्धा पिंजरा: छत आणि दोन बाजू जाळीच्या, दोन बाजू खेकड्याला मोकळ्या. अर्धा पिंजरा विसरलात तर प्रयोग वाया. कारण जाळीने पाण्याचा वेग कमी होतो, आत गाळ बसतो, आणि शिंपल्यांची संख्या खेकड्यामुळे बदलली की गाळामुळे हे सांगताच येत नाही. जाळीवर शेवाळ चढलं की भोकं बुजतात, ती दर आठवड्याला घासावी लागते. खालची कड वाळूत निदान वीतभर पुरा, खेकडा खणून आत येतो.

---

शिनाणेवाली

आपल्याकडचं काही? मुंबई बंदरात काय परिस्थिती आहे?

---

ओहोटी_सव्वासहा

आपल्याकडचं ठळक नाव मायटिलॉप्सिस सॅली. कॅरिबियन आणि मेक्सिकोच्या आखाताकडचा शिंपला. विशाखापट्टणममध्ये १९६७ च्या सुमारास आणि १९७० च्या दशकात मुंबईच्या गोदीत नोंदला गेला. नखाएवढा, महिनाभरात वयात येणारा, जवळजवळ गोड्या पाण्यापासून समुद्राहून खारट पाण्यापर्यंत तग धरणारा. पावसाळ्यात खाडीचं पाणी गोडं झालं की समुद्री जीव गळतात, हा राहतो. त्याचे घोस धाग्यांनी एकमेकांना बांधलेले, आत गाळ अडकलेला, फटी भरपूर. कालवांच्या बांधासारखीच ही तयार चाळ. चाळीत कोण राहायला आलं ते मात्र गाळून, मोजून, घोसासह आणि घोसाविना तुलना करूनच सांगता येईल. चाळ आहे म्हणून भाडेकरू उपरेच असतील असं गृहीत धरू नये, स्थानिक किडे आणि कोळंबीची पिल्लंही तिथे आसरा घेतात.

मुंबई हे ग्लोबॅलास्ट या, जहाजांच्या बॅलास्ट (तोल राखायला भरलेल्या) पाण्यातून होणारा जीवांचा प्रसार रोखणाऱ्या आंतरराष्ट्रीय कार्यक्रमाच्या सहा प्रायोगिक बंदरांपैकी एक होतं. मुंबई आणि जवाहरलाल नेहरू बंदराची पायाभूत पाहणी तेव्हा गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने केली. 'आधी काय होतं' हे माहीत नसेल तर बोडेगासारखी साखळी कधीच दिसणार नाही, म्हणून असल्या कंटाळवाण्या याद्यांना मोल आहे.

जाता जाता: आपले शिनाणे, म्हणजे हिरवे शिंपले, पेर्ना व्हिरिडिस, फ्लोरिडाच्या टँपा उपसागरात १९९९ पासून उपरे आहेत. वीजकेंद्राची यंत्रं गार ठेवणाऱ्या पाण्याच्या नळात सापडले. इथे रवा लावून तळतो तोच जीव तिथे नळ तुंबवतो.

---

शिनाणेवाली

काढून टाकता येतो का मायटिलॉप्सिस?

---

गोदीकंदील

एकदा निघाला आहे. डार्विन, ऑस्ट्रेलिया, मार्च १९९९. कलन बे मरिनात, म्हणजे छोट्या बोटींच्या बंदिस्त धक्क्यात, सापडला तेव्हा चौरस मीटरला २०,००० हून जास्त भरले, आणि सहा महिने आधीच्या पाहणीत एकही नव्हता. डार्विनला भरती-ओहोटीत ८ मीटरच्या आसपास फरक पडतो म्हणून तिथल्या मरिनांना दरवाजे आहेत. दरवाजे बंद केले, आत क्लोरीन आणि मोरचूद ओतलं, आतलं सगळंच मेलं आणि शिंपला गेला. मधल्या काळात बाहेर पडलेल्या बोटी हुडकून तपासल्या. खर्च २० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर.

तीन गोष्टी जुळल्या म्हणून जमलं: लवकर सापडला, पाणी कोंडता आलं, परवानग्या काही दिवसांत मिळाल्या. उघड्या खाडीत यातलं एकही नसतं. मुंबईच्या गोदीत तर तो कधीचाच मुरलेला.

---

खाजणकाठ

काढण्याच्या बाबतीत कॅलिफोर्नियातलाच दुसरा अनुभव वाचण्यासारखा आहे. स्टिन्सन बीचजवळच्या सीड्रिफ्ट लगूनमध्ये २००९ पासून सापळे लावून हिरवे खेकडे काढले. अंदाजे १,२५,००० होते, २०१३ पर्यंत १०,००० च्या खाली आणले. शाबासकी घेऊन हात आखडता घेतला, आणि २०१४ मध्ये ३,००,००० झाले.

कारण साधं. मोठे खेकडे पिल्लांना खातात. सापळ्यात मोठेच सापडतात. मोठे गेले की पिल्लांवरचा पहारा उठला. त्यानंतर धोरण बदललं: नायनाटाच्या मागे न लागता स्थानिक जीवांना सोसेल इतकीच संख्या राखायची.

साखळ्यांशी याचा संबंध असा की कुठला उपरा कुणाला दाबून ठेवतोय हे न बघता एकालाच उचललं तर दुसरा मोकाट सुटू शकतो. बोडेगातून उद्या सगळे हिरवे खेकडे गायब झाले तरी जेम्मा आपसूक मागे हटेल असं मी गृहीत धरणार नाही. न्यूट्रिकोलाला परतायला वाहती अळीच नाही.

---

केल्पची_झालर

इथे कॅनडाच्या नोव्हा स्कोशियाचं उदाहरण जोडते. मेम्ब्रानिपोरा मेम्ब्रानेसिया हा जाळीदार ब्रायोझोआ शेजारच्या मेनच्या आखातात १९८७ मध्ये नोंदला गेला. तो केल्पच्या (मोठ्या तपकिरी समुद्री शेवाळाच्या) पानावर पांढरी लेस चढवतो. लेस चढलेलं पान ठिसूळ होतं आणि शरदातल्या वादळात तुकडे होऊन वाहून जातं. उघड्या पडलेल्या खडकावर कोडियम फ्रॅजाइल हे आशियातलं स्पंजी हिरवं शेवाळ शिरतं, आणि दाट झालं की केल्पच्या रोपट्यांना जागा देत नाही.

इथे दार उघडतो तो मेम्ब्रानिपोरा. केल्पची झाडी दाट आणि शाबूत असेल तर कोडियमचा एरवी फारसा शिरकाव होत नाही. त्यामुळे 'कोडियम किती आक्रमक आहे' याचं उत्तर शेजारी ब्रायोझोआ आहे की नाही यावर ठरतं. प्रजातीनिहाय धोक्याच्या याद्यांमध्ये हा रकानाच नसतो.

---

शंकेखोर

हा मुद्दा मात्र बिनशर्त मान्य. जेम्मालाही १९९० साली कुणी विचारलं असतं तर यादीत 'निरुपद्रवी' शेरा पडला असता.

उलटं उदाहरणही नोंदवतो, नाहीतर धागा एकतर्फी होईल. काळ्या समुद्रात १९८० च्या दशकात नेमिओप्सिस या कंगवाधारी जेलीने मासेमारीचं कंबरडं मोडलं. १९९७ मध्ये बेरोई ओव्हाटा ही दुसरी परकी जेली आली, ती नेमिओप्सिसच खाते. नेमिओप्सिस घटली. दोन उपरे म्हणजे दुप्पट संकट असा नियम नाही.

---

ओहोटी_सव्वासहा

बरोबर. आणि मदत कुठल्या वाटेने होईल त्याचा अंदाजही लागत नाही. सुएझ कालव्यातून भूमध्य समुद्रात गेलेले सायगॅनस मासे शेवाळ चरून खडक उघडे पाडतात हे जुनं. २०१७ मध्ये त्यांच्या विष्ठेत जिवंत फोरामिनिफेरा सापडले. शेवाळाबरोबर गिळलेले हे एकपेशीय जीव पोटातून सुखरूप बाहेर येतात, म्हणजे मासा त्यांची बैलगाडी.

---

शिनाणेवाली

आमच्या महाविद्यालयाच्या जेटीवर चकत्या टांगायच्या म्हटलं तर काय लागेल? नेमकं सांगा.

---

ओहोटी_सव्वासहा

करड्या पीव्हीसीच्या १४ × १४ सेंटीमीटर चकत्या, एका बाजूने सँडपेपरने खरखरीत केलेल्या. निदान १० चकत्या, एकमेकींपासून लांब. खरखरीत बाजू खाली करून विटेला बांधा, म्हणजे गाळ बसत नाही. आपल्या गढूळ खाड्यांत हे फार महत्त्वाचं. तरत्या जेटीवरून पाण्याखाली १ मीटर. जेटी पक्की असेल तर ओहोटीच्या सर्वांत खालच्या रेषेच्याही खाली, नाहीतर चकती उन्हात वाळते. तांब्याची तार वापरू नका (करतात लोक!), प्लॅस्टिकचे पट्टे घ्या.

तीन महिने ठेवा. एक संच ऑक्टोबरात, एक जानेवारीत, आणि पावसाळ्याचा वेगळा. क्षारता दर आठवड्याला मोजा, पावसाळ्यात कोण गळलं आणि कोण उरलं हे तिच्याशिवाय कळणार नाही. टेकू तपासायचा असेल तर निम्म्या चकत्यांवरून शिंपल्यांचे घोस दर पंधरा दिवसांनी चिमट्याने काढत राहा आणि उरलेल्यांवर वाढू द्या. ज्यांवरून काढत नाही त्याही तितकाच वेळ पाण्याबाहेर धरा, नाहीतर हाताळणीचाच फरक मोजाल. कुठल्या जीवाच्या पाठीवर कोण बसलंय हे वेगळ्या रकान्यात लिहा. नेहमीच्या तक्त्यात फक्त 'चकतीवर आहे' एवढंच लिहिलं जातं आणि नेमकी हवी ती माहिती जाते.

काढल्यावर आधी ट्रेमध्ये समुद्राच्याच पाण्यात ठेवून फोटो. मग भूल: लिटरभर गोड्या पाण्यात ७३ ग्रॅम मॅग्नेशियम क्लोराइड हेक्साहायड्रेट, ते समुद्राच्या पाण्यात निम्मं-निम्मं. भूल न देता टाकलंत तर सगळे आक्रसतात आणि ओळख पटत नाही. डीएनएसाठी तुकडा ९५ टक्के अल्कोहोलमध्ये, तो आधी काढायचा. बाकी फॉर्मलिनमध्ये: बाजारातलं द्रावण १ भाग, समुद्राचं पाणी ९ भाग. मोजे, चष्मा, उघडी हवा.

---

केल्पची_झालर

बरणीतली चिठ्ठी जाड कागदाची आणि पेन्सिलीने लिहिलेली हवी. अल्कोहोलमध्ये बॉलपेन उतरतं.

---

शिनाणेवाली

चकत्यांचं माप आणि विटेचं लिहून घेतलं. काढलेले घोस मोजून झाले की परत पाण्यात सोडायचे का?

---

गोदीकंदील

अजिबात नाही. गोड्या पाण्यात बुडवून भागेल असंही समजू नका, मायटिलॉप्सिस त्यात तग धरतो. उन्हात कडकडीत वाळवा किंवा उकळत्या पाण्यात टाका, आणि मग जेटीपासून लांब जमिनीत पुरा.